प्रागचे अर्ध्या दिवसाचे नगरदर्शन

चेक प्रजासत्ताकाची राजधानी असलेल्या प्राग शहराचा ऐतिहासिक भाग स्थानिक मार्गदर्शकाबरोबर तीन ते चार तासांत, थोडा बसने वा ट्रामने आणि बराचसा पायी फिरून पाहणे, असे या नगरदर्शनाचे स्वरूप आहे. मध्य युरोपच्या सहलींमध्ये शहराची पहिली ओळख बहुधा याच फेरीतून करून दिली जाते. टेकडीवरील किल्ला, त्याच्या उतारावरील माला स्त्राना हा भाग, व्हल्तावा नदीवरील चार्ल्स पूल आणि पैलतीरावरील जुन्या शहराचा चौक ही चार ठिकाणे त्यात जवळजवळ ठरलेली असतात. वेळ आणि मार्गदर्शकाचा कल यांनुसार त्यांत वेन्सेस्लस चौक किंवा योसेफोव्ह हा ज्यू वस्तीचा भाग यांची भर पडते.

अशा फेरीला प्रागची रचना विशेष अनुकूल आहे. किल्ल्याभोवतीचे ह्रादचानी, माला स्त्राना, जुने शहर आणि नवे शहर ही चार गावे पूर्वी स्वतंत्र कारभाराची होती. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये ती एकत्र केली. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा किंवा ड्रेस्डेन यांच्यासारखा विध्वंस प्रागच्या वाट्याला आला नाही. त्यामुळे रोमनेस्क तळघरे, गॉथिक मनोरे, बरोक चर्च आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इमारती एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या आढळतात. १९९२ मध्ये या भागाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. मोठ्या बसगाड्यांना जुन्या गल्ल्यांत प्रवेश नसल्याने पर्यटकांना वरच्या अंगाला, किल्ल्याजवळ उतरवायचे आणि तेथून उताराने नदीकडे आणायचे, हा क्रम रूढ झाला आहे. २२ क्रमांकाची ट्रामही किल्ल्याजवळ थांबत असल्याने लहान गटांना ती सोयीची पडते. उलट दिशेने, म्हणजे चौकातून किल्ल्याकडे नेणाऱ्या फेऱ्याही असतात. परंतु चढण शेवटी आल्याने वयस्कर पर्यटक दमतात आणि किल्ल्यातील कॅथीड्रलपाशी पोचेपर्यंत ऐकण्याची उमेद उरत नाही. वरून खाली येणारा क्रमच अधिक शहाणपणाचा आहे.

किल्ला नवव्या शतकाच्या अखेरीस बोर्झिवॉय या राजपुत्राने वसवला. सुमारे ७०,००० चौरस मीटरचा हा परिसर म्हणजे एखादी एकसंध गढी नसून राजवाडे, चर्च, अंगणे आणि गल्ल्या यांची वस्ती आहे आणि आज तेथेच राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय आहे. आवारात शिरण्यापूर्वी सुरक्षा तपासणी होऊ शकते. अंगणांतून फिरण्यास पैसे पडत नाहीत, मात्र वास्तूंच्या आतील भागासाठी तिकीट लागते. अर्ध्या दिवसाच्या पुष्कळशा फेऱ्यांत आतील भाग अंतर्भूत नसतो, ही गोष्ट आरक्षण करताना पाहून घ्यावी लागते. दर तासाला पहारेकरी बदलतात आणि दुपारी बारा वाजता पहिल्या अंगणात वाद्यवृंदासह पहाऱ्याचा समारंभ होतो. सकाळच्या फेरीची आखणी कित्येकदा या बाराच्या ठोक्याभोवती केलेली असते.

सेंट व्हिटस कॅथीड्रलचा पाया १३४४ मध्ये घातला गेला आणि ते पूर्ण झाले १९२९ मध्ये. पर्यटक पश्चिमेच्या दाराशी येतात तेव्हा त्यांच्यासमोर असतो तो सर्वांत नवा भाग. चौदाव्या शतकातील मूळ बांधकाम, अरासच्या मथियासने आरंभलेले व पुढे पेटर पार्लरने वाढवलेले, पूर्वेच्या टोकाला आहे. चांगला मार्गदर्शक येथे थांबून दर्शनी भागावरील छोटी शिल्पे दाखवतो. देवदूत आणि संत यांच्या जवळच विसाव्या शतकाच्या पेहरावातील, कोट घातलेल्या स्थापत्यविशारदांच्या प्रतिमा कोरलेल्या आहेत. जवळजवळ सहाशे वर्षे रेंगाळलेले काम नेमके कोणाच्या हातून पुरे झाले, याची ही दगडातली नोंद आहे. दक्षिण बाजूस सुवर्णद्वारावर अखेरच्या न्यायनिवाड्याचे चौदाव्या शतकातील काचेचे मोझेक आहे. त्याच बाजूच्या जुन्या राजवाड्याच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस यांना खाली फेकले. तिघेही वाचले, कॅथलिकांनी त्याचे श्रेय कुमारी मेरीला दिले, तर विरोधकांनी खालच्या उकिरड्याला. या घटनेतून भडकलेले युद्ध तीस वर्षे चालले.

किल्ल्यावरून नेरुदोवा रस्त्याने उतरताना गटाचा वेग मंदावतो आणि तो मंदावू द्यावा. येथील घरांच्या दारांवर तीन व्हायोलिने, दोन सूर्य अशी चिन्हे आहेत. घरांना क्रमांक देण्याची पद्धत तेव्हाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या काळात, १७७० मध्ये, सुरू होण्यापूर्वी घराचा पत्ता याच चिन्हांनी सांगितला जाई. आजही प्रत्येक दारावर दोन पाट्या आढळतात: लाल पाटीवर त्या विभागाच्या नोंदवहीतील क्रमांक आणि निळ्या पाटीवर रस्त्यावरील क्रमांक. ज्या लेखकाच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, तो यान नेरुदा ‘दोन सूर्य’ या घरात राहत असे. उताराच्या तळाशी सेंट निकोलस चर्चचा हिरवा घुमट दिसतो. हे काम द्यींत्सेनहोफर पितापुत्रांचे आणि मध्य युरोपातील बरोक वास्तुकलेच्या उत्कृष्ट नमुन्यांपैकी एक आहे.

चार्ल्स पूल सुमारे ५१६ मीटर लांबीचा असून तो सम्राट चौथ्या चार्ल्सने, १३४२ च्या पुरात कोसळलेल्या जुडिथ पुलाच्या जागी, १३५७ मध्ये बांधण्यास घेतला. १८७० पर्यंत त्याला नुसते ‘दगडी पूल’ म्हणत. एके काळी त्यावरून ट्रामही धावत असे. आता तो फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. कठड्यांवर संतांची तीस शिल्पे व शिल्पसमूह आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या जागी आता प्रतिकृती असून मूळ शिल्पे संग्रहालयात हलवलेली आहेत. पायाचा दगड ९ जुलै रोजी पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी बसवला आणि त्यामुळे १-३-५-७-९-७-५-३-१ अशी चढती-उतरती अंकमाला साधली, असे जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. ही मिनिटांसह सांगितलेली वेळ आधुनिक काळात मांडलेल्या तर्कावर आधारलेली आहे, हे मात्र थोडेच सांगतात.

प्रागच्या फेरीत दंतकथा आणि दस्तऐवज यांची अशी सरमिसळ पावलोपावली भेटते आणि मार्गदर्शकाचा कस तेथेच लागतो. पुलावरील सर्वांत जुने शिल्प, १६८३ मध्ये बसवलेले, नेपोमुकच्या यानचे आहे. राणीने कबुलीजबाबात सांगितलेले गुपित राजाला सांगण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्याला नदीत फेकले, अशी कथा सांगतात. कागदपत्रांवरून दिसते ते असे, की १३९३ मध्ये राजा चौथा वेन्सेस्लस आणि प्रागचा आर्चबिशप यांच्यात एका मठाच्या प्रमुखाच्या नेमणुकीवरून जो वाद पेटला, त्यात आर्चबिशपचा हा अधिकारी बळी पडला. शिल्पाखालील काशाच्या फलकाला हात लावल्यास मनातली इच्छा पुरी होते, या समजुतीने तो फलक ठरावीक जागी घासून पिवळाधमक झाला आहे. दोन्ही हकिकती सांगाव्यात, पण कोणती कथा आणि कोणता इतिहास हे सांगायला चुकू नये. श्रोत्यांना कथा आवडते म्हणून इतिहास गाळणारा मार्गदर्शक त्यांची कदर करत नाही, असेच म्हणावे लागते.

जुन्या शहराच्या चौकातील खगोलीय घड्याळ हा या फेरीचा कळस समजला जातो. दर तासाला सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकत जातात, सांगाडा घंटेची दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो आणि सारा खेळ मिनिटाच्या आत आटोपतो. त्याकरिता वीस मिनिटे आधीपासून ताटकळणाऱ्यांची निराशा होते. गर्दीत खिसेकापूंचे फावते, तेही वेगळेच. खरे पाहण्यासारखे आहे ते या खिडक्यांच्या लगेच खालचे तबक आणि ते केव्हाही पाहता येते. १४१० मध्ये कादानच्या मिकुलाशने बनवलेल्या या यंत्रावर सूर्य आणि चंद्र यांचे राशीचक्रातील स्थान दिसते. चंद्राचा गोल अर्धा काळा व अर्धा रुपेरी असून तो फिरून कला दाखवतो. सर्वांत बाहेरच्या कड्यावरील अंक जुन्या बोहेमियन कालगणनेचे आहेत. त्या गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून ते कडे ऋतूनुसार मागे-पुढे सरकवावे लागते. तबकावरील वक्र रेषा सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग पाडतात. पंचांगातल्या चौघडियांप्रमाणे हे भाग उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड होतात, हे ध्यानात आले की मराठी वाचकाला तबक वाचणे अवघड राहत नाही. हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने केले आणि तसेच दुसरे कोठे होऊ नये म्हणून नगरपालांनी त्याचे डोळे काढले, ही कथा खोटी आहे. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, घड्याळाची मोठी हानी झाली. प्रेषितांच्या आजच्या लाकडी मूर्ती त्यानंतरच्या आहेत.

घड्याळापासून काही पावलांवर फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे सत्तावीस क्रूस बसवलेले आहेत. श्वेत पर्वताच्या लढाईत प्रोटेस्टंट बंडखोरांचा पराभव झाल्यावर २१ जून १६२१ रोजी सत्तावीस पुढाऱ्यांना येथे मृत्युदंड देण्यात आला, म्हणजेच वरच्या किल्ल्यातील खिडकीपाशी सुरू झालेली हकिकत या चौकात पुरी होते. किल्ल्यापासून चौकापर्यंत गटाला आणणाऱ्या मार्गदर्शकाने ही सांधेजोड करून दिली नाही, तर तीन तासांत पाहिलेल्या वास्तू सुट्या सुट्याच राहतात. चौकात यान हुस या धर्मसुधारकाचे, त्याला जिवंत जाळल्याच्या पाचशेव्या वर्षी, १९१५ मध्ये उभारलेले स्मारक आहे. समोरच्या ‘टीन’ नावाच्या चर्चमध्ये ट्यूको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची कबर आहे.

योसेफोव्ह भागाला अर्ध्या दिवसात न्याय मिळत नाही. जुन्या ज्यू दफनभूमीत सुमारे १२,००० स्मृतिशिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत, कारण जागा अपुरी पडल्याने मातीचे थर चढवून दफन करीत गेले. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. रस्त्यावरून बोट दाखवून पुढे जावे अशी ही जागा नव्हे. ती शनिवारी व ज्यू सणांच्या दिवशी बंद असते. इतर दिवशी उरलेला अर्धा दिवस येथे द्यावा.

परदेशी पाहुण्यांना प्राग दाखवण्याची व्यवस्था बरीच जुनी आहे. चौदाव्या शतकात दरवर्षी पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येथे जमत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या चेडोक या प्रवाससंस्थेकडे साम्यवादी राजवटीत परदेशी पर्यटकांची व्यवस्था होती. १९८९ नंतर खाजगी संस्था वाढल्या आणि छत्री उंच धरून उभे राहणारे, ठरावीक शुल्काऐवजी ऐच्छिक टिपवर चालणारे मार्गदर्शकही चौकात दिसू लागले. आता मार्गदर्शकांना सरकारी ओळखपत्र बाळगावे लागते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहली व्हिएन्ना व बुडापेस्ट यांना जोडून प्राग घेतात. त्यांत स्थानिक मार्गदर्शक इंग्रजीत बोलतो आणि सोबतचा टूर मॅनेजर त्यातील निवडक भाग मराठीत सांगतो. या दुहेरी कथनात वेळ जातो, म्हणून मोठ्या गटांना ठिकाणे कमी ठेवणे भाग पडते.

मराठी पर्यटकांच्या दृष्टीने महत्त्वाची एक वास्तू मात्र या फेरीत बहुधा नुसती ओलांडली जाते. १३४८ मध्ये स्थापन झालेल्या चार्ल्स विद्यापीठाची कॅरोलिनम ही जुनी इमारत चौकापासून पाच मिनिटांवर आहे. १८८२ मध्ये विद्यापीठाचे चेक आणि जर्मन असे दोन भाग झाले; त्यांपैकी जर्मन विद्यापीठात मोरिट्झ विंटरनिट्झ हे संस्कृतचे प्राध्यापक होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळी हस्तलिखिते ताडून पाहून ठरवलेली संहिता, सिद्ध व्हावी, ही कल्पना त्यांनी १८९७ च्या पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. युरोपात ते काम पहिल्या महायुद्धामुळे मागे पडले आणि १९१९ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केले. १९११-१२ मध्ये याच विद्यापीठात शिकवणारे आइन्स्टाइन विंटरनिट्झ यांचे स्नेही होते. चौकातील ज्या घरी आइन्स्टाइन मित्रमंडळींत बसत, त्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे व ती मार्गदर्शक आवर्जून दाखवतात.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने या फेरीस सोयीचे आहेत. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारची फेरी अर्धी अंधारात होते. तेव्हा सकाळचीच घ्यावी. रस्ते लहान चौकोनी दगडांच्या फरसबंदीचे असून पावसात निसरडे होतात. चलन युरो नसून कोरुना आहे. फेरी बहुधा जुन्या चौकात किंवा बारुदखान्याच्या मनोऱ्यापाशी संपते. बस तेथपर्यंत येत नसल्याने परतीची जागा आणि वेळ मार्गदर्शक निघण्यापूर्वीच विचारून ठेवावी.