एकिबेन

एकिबेन : जपानमधील रेल्वेस्थानकांवर आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत विकले जाणारे, डब्यात भरलेले एका माणसापुरते तयार जेवण. ते सहसा गारच खातात. त्या-त्या प्रदेशातील मासे, मांस, भाज्या आणि कधीकधी तेथील भांडीही त्यात वापरली जातात.

पहिले एकिबेन कोणते, याबद्दल एकमत नाही. १६ जुलै १८८५ रोजी लोहमार्ग उत्सुनोमियापर्यंत पोचला, तेव्हा शिरोकिया या पांथशाळेने उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) घातलेले भाताचे दोन गोळे व मुळ्याचे लोणचे बांबूच्या पापुद्र्यात बांधून ५ सेनला (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) विकले, हे मत सर्वाधिक रूढ आहे. तथापि ओसाका व कोबे यांसाठी १८७७ च्या सुमाराचे, उएनो व कुमागाया यांसाठी १८८३ चे, तर ताकासाकीसाठी १८८४ चे दावे पुढे केले जातात. वाद पुराव्याइतकाच व्याख्येचाही आहे. फलाटावर विकलेला भाताचा कोणताही गोळा एकिबेन मानला, तर आरंभ कितीही मागे नेता येईल. अनेक जिन्नसांचा रचलेला डबा ही कसोटी धरल्यास १८८९ मध्ये हिमेजी स्थानकात मानेकी या विक्रेत्याने विकलेला ‘माकुनोउची’ डबा हा अधिक सयुक्तिक आरंभ ठरतो.

माकुनोउचीची मांडणी पुढे नमुना ठरली. साच्यात दाबलेल्या भाताच्या लहान वळकट्या, त्यांवर काळे तीळ. शेजारी भाजलेला मासा, अंड्याची गुंडाळी आणि माशाच्या लगद्याची वडी. पांढरा, काळा, तांबडा, पिवळा व हिरवा हे पाच रंग डब्यात यावेत, असा जपानी पाककलेतील संकेत येथेही पाळला जातो. पदार्थांमधले हिरवे पान मुळात बांबूचे किंवा तत्सम वनस्पतीचे असे. एकाचा रस व वास दुसऱ्याला लागू नये हे त्याचे काम. आज ते बहुधा प्लॅस्टिकचे असते.

सोयीच्या दुकानांतील (कन्व्हिनियन्स स्टोअर) डब्याचे झाकण पारदर्शक असते. एकिबेनचे बहुधा नसते. गिऱ्हाइकाला दिसते ते ‘काकेगामी’ हे छापील आवरण. त्यावर स्थानिक देखावा आणि विक्रेत्याचे व स्थानकाचे नाव असे. जुन्या आवरणांवर प्रेक्षणीय स्थळांची माहिती आणि रिकामा डबा खिडकीबाहेर न फेकण्याची सूचना आढळते, तर युद्धकाळातील आवरणांवर काटकसरीच्या घोषणा. संग्राहक आवरणे जपतात, ती याच कारणासाठी.

डबा बिघडतो तो मुख्यतः भातामुळे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. शिवाय गरम भातावर झाकण लावल्यास वाफेचे पाणी होऊन भाजलेले व तळलेले पदार्थ ओले होतात. म्हणून भात आधी निववून मगच भरतात. मोठ्या स्वयंपाकघरांसाठीच्या जपानी नियमावलीनुसार शिजवलेले अन्न ३० मिनिटांत सुमारे २० अंश सेल्सिअस किंवा ६० मिनिटांत सुमारे १० अंशांपर्यंत उतरवावे लागते. शीतकपाटात ठेवणे हाही सोपा उपाय नव्हे. तेथे स्टार्च लवकर घट्ट होऊन भात कडक व फडफडीत होतो. पातळ लाकडाची पेटी जादा ओलावा शोषते, एवढ्यासाठी ती अजून टिकून आहे. दोरी ओढताच चुनकळी व पाणी एकत्र येऊन तापणारे डबेही निघाले आहेत.

काही डब्यांची ओळख भांड्यावरच ठरते. तोयामाचा ‘मासू नो सुशी’ (ट्राउट माशाची सुशी; १९१२ पासून) बांबूची पाने अंथरलेल्या गोल लाकडी डब्यात दाबून भरतात. योकोकावा येथील ओगिनोयाने १९५८ मध्ये माशिको या गावच्या मातीच्या भांड्यात भात, कोंबडी, आळिंबी, बांबूचे कोंब व लाव्याचे अंडे असा ‘तोगे नो कामामेशी’ आणला. पुढे उसुई घाट असल्याने येथे गाडीला जादा इंजिन जोडावे लागे आणि तेवढ्या थांब्यात विक्री होई. (बोरघाटाखालच्या कर्जतच्या वड्यामागेही तेच गणित आहे.) १९९७ मध्ये घाटातील लोहमार्ग बंद झाला, पण भांडे टिकले, आता विक्री महामार्गालगतही होते.

१९६४ नंतर शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) व न उघडणाऱ्या खिडक्या आल्या, थांबे आखूडले आणि गळ्यात पेटी अडकवून फिरणारे फेरीवाले जवळपास नाहीसे झाले. शहरी लोकलमध्ये डबा उघडणे आजही अप्रशस्त समजतात, मात्र लांबच्या गाडीत, समोर घडीचे टेबल असलेल्या आसनावर, तो प्रवासाचा भागच धरला जातो. टोकिओतील केइओ डिपार्टमेंट स्टोअर १९६६ पासून देशभरच्या एकिबेनांचा मेळा भरवते. तेथे रांगेत उभा असलेला ग्राहक कोठेही जाणार नसतो.