छापा कोणाच्या नावाचा?

रोमच्या प्रजासत्ताकात सोन्याची नाणी क्वचितच पाडली जात. रोजचा व्यवहार चाले तो चांदीच्या दिनारियसवर. इ.स.पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरने ऑरियस हे सोन्याचं नाणं मोठ्या प्रमाणावर पाडलं. वजन साधारण आठ ग्रॅम. त्यावर नाव सीझरचं असलं, तरी चेहरा होता डोक्यावरून पदर घेतलेल्या देवीचा. जिवंत माणसाने नाण्यावर झळकणं म्हणजे राजा व्हायची हाव, अशीच रोमनांची समजूत. इ.स.पू. ४४ मध्ये चांदीच्या नाण्यांवर सीझरचा चेहरा आलाच आणि त्याच मार्चमध्ये त्याचा खून झाला. गंमत अशी की मारेकऱ्यांपैकी ब्रूटसनेही पुढे स्वतःचीच छबी नाण्यांवर घेतली, अगदी सोन्याच्याही. मागे दोन खंजीर!

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून हा संकोच संपला. एका ऑरियसला २५ दिनारियस हा हिशेबही पक्का झाला.

दरबारातलं राजकारण नाण्यावर कसं उतरायचं, हे पाहावं ते सम्राट नीरोच्या ऑरियसवर. इ.स. ५४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्या वर्षीच्या नाण्यावर तो आणि आई अ‍ॅग्रिपिना समोरासमोर आहेत, पण छाप्याभोवतीचा मजकूर आईच्या नावाचा. मुलाच्या पदव्या मागच्या बाजूला. ५५ मध्ये दोघांची तोंडं एकाच दिशेला. नीरो पुढे, आई त्याच्याआड, आणि आता तिचं नाव मागे गेलेलं. त्यानंतर ती नाण्यांवरून गायबच झाली. ५९ मध्ये त्याने तिला मारवलं. ६४ च्या सुमारास त्याने ऑरियसचं वजनही घटवलं, चेहरा मात्र दिवसेंदिवस गुबगुबीत होत गेला.

मिरी, मोती, तलम कापड यांच्या बदल्यात हे सोनं भारतात येई. रोमन लेखक प्लिनीने त्याबद्दल बोटं मोडली आहेत. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये सापडलेल्या साठ्यात ५०१ ऑरियस होते, आणि बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव. नाणी चलनातून बाद करण्याची ती खूण असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मला तेच पटतं: इथे किंमत सोन्याच्या वजनाला होती, चेहऱ्याचा धाक रोमपुरता. उत्तरेत कुषाण राजा विम कडफिसेसने तर सुमारे आठ ग्रॅमची स्वतःची सोन्याची नाणी पाडली. छाप्यावर तो स्वतः, मागे शिव.