मुंग्यांमागे लागलेल्या मुलांसाठी: आयसरचा अर्ज

जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्या पोराला पाहुणे एकच विचारतात, नीटला किती पडले? पण मुंग्यांची रांग बघत तासभर बसणाऱ्यांना परिसंस्था आणि प्राण्यांचं वर्तन शिकायचं असेल, तर पुण्यात पाषाणला आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. बीएस-एमएस ही एकत्रित पदवी, पाच वर्षं, शेवटचं वर्ष संशोधनाचं. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर या सातही संस्थांना मिळून अर्ज एकच.

पात्रता सोपी आहे. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण. गुण ६० टक्के. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ५५. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांपैकी किमान तीन विषय हवेत.

गणित सोडलेल्यांनी इथे जपून. अर्ज भरता येतो, पण आयएटी या प्रवेश परीक्षेच्या ६० प्रश्नांत चारही विषयांचे १५-१५ असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. वेळ तीन तास. २०२४ मध्ये ती ९ जूनला झाली, २०२५ मध्ये २५ मेला. आत गेल्यावरही सुरुवातीला चारही विषय करावेच लागतात. पक्ष्यांच्या आधी इंटिग्रेशन भेटतं.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो, सही. घोळ होतो तो जातीच्या दाखल्यात. कॉलेजच्या प्रवेशाला दिलेला राज्याचा दाखला इथे चालत नाही, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातच लागतो. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्र सरकारसाठी हवाय’ असं सांगा, आणि हातात आल्यावर वरचा मजकूर व तारीख तिथेच उभं राहून वाचा. भटक्या-विमुक्तांना इथे वेगळा गट नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते बघावं. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतं आहे. त्यांचा अर्ज खुल्या गटातून, किंवा निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातून. तो दाखलाही केंद्राच्याच नमुन्यात.

दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून ही धावपळ बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की लगेच सुरू करा. बेंगळुरूच्या आयआयएससीला, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेलाही आयएटीचे गुण चालतात, पण तिथला अर्ज वेगळा भरावा लागतो.