हलक्या फोर बाय फोरच्या टायरमध्ये हवा किती असावी?

जळगावपासून नंदुरबारपर्यंत पंक्चरच्या कोणत्याही दुकानापुढे चारचाकी उभी केली, की 'पस्तीस भरू ना?' असा प्रश्न येतो आणि गाडीमालक बहुधा होकार देतो. दोन टनांच्या घरातली एसयूव्ही असेल, तर हा आकडा फारसा चुकत नाही. परंतु मारुती सुझुकीच्या जिमनीसारखी, साधारण 1200 किलो वजनाची फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी गाडी असेल, तर पस्तीस पौंड हवा (दर चौरस इंचाला 35 पौंड दाब, म्हणजेच 35 पीएसआय) तिच्या गरजेपेक्षा बरीच जास्त ठरते. टायरमधला दाब ठरवायचा तो प्रत्येक चाकावर किती भार येतो आणि ते चाक कोणत्या जमिनीवर चालणार आहे, यावरून.

हिशेब अवघड नाही. गाडीत दोन माणसे बसली, तर एकूण वजन सुमारे 1340 किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी 335 किलो होते. हे वजन मुख्यतः आतली हवा तोलते, त्यामुळे वजनाला दाबाने भागले की टायर जमिनीला किती क्षेत्रफळावर टेकतो, याचा ढोबळ अंदाज मिळतो. 26 पीएसआय दाबाला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 1.83 किलो दाबाला, हे क्षेत्रफळ 183 चौरस सेंटिमीटर येते. 35 ला ते 136 पर्यंत आक्रसते आणि 16 ला जवळजवळ 300 होते. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलत असल्याने प्रत्यक्षातला फरक याहून काहीसा कमी असतो, पण त्याची दिशा हीच राहते. हलक्या गाडीत 35 भरले की टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो, तोच आधी झिजतो, आणि खडीवर ब्रेक दाबताच चाक उड्या मारत घसरते.

टायरच्या कडेला छापलेल्या कमाल दाबाच्या आकड्यामुळे अनेकांचा गैरसमज होतो. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. जिमनीच्या टायरवर 96 हा भारांक असतो. त्याचा अर्थ असा, की पूर्ण दाबाला तो एक टायर 710 किलो पेलू शकतो. आपल्या चाकावर त्याच्या निम्माच भार असल्याने पूर्ण दाबाची गरज नसते. म्हणूनच अशा गाड्यांच्या दाराजवळच्या पाटीवर 26 च्या आसपासचा आकडा दिसतो, आणि डांबरी रस्त्यासाठी तोच पायाभूत मानावा. मागे सामान आणि माणसे भरली, तर पाटीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा मागच्या चाकांना लावावा. टायर मूळ मापाचे नसतील, तर खडूची चाचणी उपयोगी पडते. टायरच्या नक्षीवर खडूने आडवी जाड रेघ ओढावी, सपाट रस्त्यावर वळण न घेता पन्नास-साठ मीटर गाडी न्यावी आणि खाली उतरून रेघ पाहावी. ती मध्ये पुसली जाऊन दोन्ही कडांना पांढरी राहिली असेल, तर हवा जास्त आहे. कडा पुसल्या जाऊन मधला भाग शिल्लक असेल, तर हवा कमी आहे. रेघ सगळीकडे सारखी फिकी झाली, की दाब जमला.

खान्देशात या सगळ्याला उन्हाळ्याची जोड मिळते. बंद टायरमधल्या हवेचा दाब तिच्या तापमानाबरोबर वाढतो, मात्र हे प्रमाण मोजताना गेजवरच्या, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणावरच्या आकड्यात वातावरणाचा 14.7 पीएसआय दाब मिळवावा लागतो आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यावे लागते. तसे केले, तर 26 च्या टायरमध्ये दर सात-आठ अंशांमागे सुमारे एक पीएसआय वाढतो. मे महिन्यात जळगावला पहाटे 28 अंशांना 26 हवा भरली, तर दुपारी 44 अंशांना गाडी जागची न हलताही गेज 28 दाखवेल. उलट त्या दुपारी मोजून भरलेले 26, पुढे हवा अजिबात गळली नाही तरी जानेवारीच्या दहा अंशांच्या पहाटे 22 च्याही खाली उतरलेले असतात. म्हणून हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना तपासावी, आणि धावून तापलेल्या टायरमधली हवा आकडा जास्त दिसतो म्हणून कधीही सोडू नये.

गाडी तासभर चालल्यावर दाब थंड दाबापेक्षा चार पीएसआयहून जास्त वाढला, तर हवा कमी होती असे समजावे, असा एक नियम फोर बाय फोर चालवणारे वापरतात. कारण सरळ आहे: हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, आणि वाकणारे रबर तापते. नियम चांगला आहे, पण सकाळी नि दुपारी हवामान साधारण सारखेच असेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे पहाटे मोजून दुपारी ताडताना उन्हाने वाढवलेले दोन पीएसआय आधी वजा केलेच पाहिजेत, नाहीतर योग्य हवेचा टायरही दोषी ठरतो.

तोरणमाळचा घाट चढताना आणखी एक गोष्ट घडते. शहाद्याच्या सपाटीवरून सुमारे 1150 मीटर उंचीवर गेल्यावर बाहेरचा वातावरणीय दाब कमी होतो आणि गेज दीड पीएसआयने जास्त दाखवते. पण वरच्या गारव्याने जवळपास तेवढाच दाब कमी झालेला असतो, त्यामुळे तिथे काही करावे लागत नाही. त्या बाजूच्या दगडी वाटांवर मात्र 20 ते 22 पर्यंत उतरावे. तेवढ्याने टायर दगडाला कवेत घेतो आणि धक्के कमी बसतात. त्याहून खाली गेल्यास फुगून बाहेर आलेली बाजूची पातळ भिंत बेसाल्टच्या धारेवर चिरण्याची भीती असते.

हवा कमी करण्याचा खरा लाभ दिसतो तो तापी, गिरणा किंवा पांझरेच्या कोरड्या पात्रात. वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात, त्यामुळे जास्त दाबाचे चाक रुतते, पुढे वाळूचा ढीग लोटते आणि सतत तो ढीग चढत राहते. इंजिनाची ताकद यातच खर्ची पडते. 16 पर्यंत हवा उतरवली, की टायरचा ठसा, म्हणजे जमिनीला टेकलेला भाग, रुंदीपेक्षा लांबीने वाढतो आणि चाक वर तरंगल्यासारखे चालते. हलक्या गाडीला येथे मोठा फायदा आहे. हवा पात्रात उतरण्याआधी सोडावी, रुतल्यावर नव्हे. कारण फिरत्या चाकाने एकदा खड्डा खणला, की ठसा वाढवूनही बाहेर येणे कठीण जाते. 12 च्या खाली साध्या रिमवर जाऊ नये, झटक्यात वळल्यास टायरची कड रिमवरून निसटते.

पावसाळ्यातली कपाशीची काळी जमीन हा निराळा विषय आहे. तिच्यातली चिकणमाती थरांच्या मध्ये पाणी धरून फुगते आणि टायरच्या नक्षीत घट्ट बसते, त्यामुळे टायर गुळगुळीत होतो आणि ठसा कितीही मोठा केला तरी पकड येत नाही. वर चार बोटे चिखल आणि खाली पक्का मुरूम असेल, तर पाटीवरचा दाबच बरा, कारण अरुंद ठसा चिखल कापून मुरमापर्यंत पोहोचतो. खोल चिखलात गाडी घालू नये, हेच माझे मत. वाफसा आलेल्या शेतातून जावेच लागले, तर 16 ठेवावे: मातीच्या वरच्या थरावर पडणारा दाब जवळजवळ टायरमधल्या दाबाइतकाच असतो, त्यामुळे माती कमी दबते. खोलवरची माती मात्र एकूण भारानुसार दबते, तिथे टायरची हवा कमी केल्याचा उपयोग होत नाही.

सोळा-अठराच्या हवेवर ताशी 30 ते 40 किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. महामार्गाला लागण्यापूर्वी हवा पुन्हा 26 करायलाच हवी, कारण मऊ टायर वेगात इतका तापतो, की आतले थर सुटून तो फुटू शकतो, आणि उन्हाळ्यात तापलेले डांबर ही वेळ आणखी लवकर आणते. त्यामुळे गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर आणि स्वतःचे एक गेज जवळ नसेल, तर पात्रात उतरण्यासाठी हवा सोडूच नये.