पोकर-अभ्याससाधने

पोकर-अभ्याससाधने म्हणजे पोकर या पत्त्यांच्या खेळातील निर्णय तपासण्यासाठी, खेळलेले डाव नोंदवण्यासाठी आणि डावपेच शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणाली, तक्ते, पुस्तके व व्याख्याने. या नोंदीत मुख्यतः टेक्सस होल्डम हा प्रकार गृहीत धरला आहे. खेळाचे नियम दिलेले नाहीत. साधनांची निवड मराठवाड्यातील खेळणाऱ्याला समोर ठेवून तपासली आहे.

मराठवाड्यात पत्ते म्हटले की रमी आणि तीन पत्ती डोळ्यांसमोर येतात. तीन पत्तीला पोलिसांच्या फिर्यादीत आणि स्थानिक वर्तमानपत्रांत ‘तिर्रट’ म्हणतात. दिवाळीत आणि एरवीही शेतातल्या आखाड्यावर, लग्नघरी हाच डाव बसतो. पोकरकडे येणारा बहुतेक जण येथूनच येतो आणि सोबत काही सवयी आणतो. सर्वांत ठळक सवय पानांच्या क्रमाची आहे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो, पोकरमध्ये कलर (फ्लश) सिक्वेन्सपेक्षा (स्ट्रेट) मोठा. हा लहरी नियम नाही, मोजणी आहे. ५२ पानांतून तीन पाने उचलण्याचे २२,१०० प्रकार होतात; त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. पाच पानांचे प्रकार २५,९८,९६० होतात. त्यांत साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते मोठे. दुसरा फरक माहितीचा. तीन पत्तीत समोरच्याचे एकही पान दिसत नाही, त्यामुळे अंदाज चेहऱ्यावरून आणि चालीच्या आकड्यावरूनच बांधायचा असतो. होल्डममध्ये प्रत्येकाच्या हाती दोन पाने असतात, पाच पाने सर्वांसमोर उघडतात आणि बेटिंगच्या चार फेऱ्या होतात, म्हणून गणिताला धरायला काहीतरी मिळते. अभ्याससाधनांचा सारा पसारा या उघड्या पानांवर उभा आहे.

या साधनांच्या मुळाशी असलेल्या सिद्धांताचे श्रेय कोणाचे, हा वाद जुना आहे. फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी १९२१ ते १९२७ या काळातील छोट्या टिपणांत मिश्र डावपेचाची कल्पना मांडली. एकच चाल ठरवून न ठेवता अनेक चाली ठराविक प्रमाणात, पण अंदाज लागू न देता खेळायच्या, असा तिचा आशय. प्रत्येक द्विपक्षी शून्य-बेरीज खेळाला (एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा) असा समतोल, म्हणजे एकट्याने डावपेच बदलून कोणालाच फायदा होणार नाही अशी स्थिती, असतोच, हे मात्र १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी सिद्ध केले. बोरेल यांना लहान खेळांपुरते उत्तर सापडले होते. सर्वसाधारण खेळात ते खरे ठरेल का याविषयी ते साशंक होते. १९५३ मध्ये मॉरिस फ्रेशे यांनी बोरेल यांना या विषयाचे आरंभकर्ते ठरवून त्यांच्या टिपणांची भाषांतरे प्रसिद्ध केली, तेव्हा फॉन नॉयमन यांनी त्याच ठिकाणी उत्तर दिले. त्यांच्या मते या प्रमेयाशिवाय सांगण्यासारखे काही नव्हतेच. अभ्यासकांचा कल साधारणपणे कल्पनेचे श्रेय बोरेल यांना आणि सिद्धांताचे फॉन नॉयमन यांना देण्याकडे आहे, आणि ही वाटणी योग्य वाटते.

पोकरपुरता हा वाद अधिक नेमका होतो, कारण दोघांनीही पोकरचे एकेक लहान प्रतिमान मांडले. बोरेल यांच्या प्रतिमानात पहिला खेळाडू बेट करतो (चिप लावतो) किंवा पाने टाकून देतो. फॉन नॉयमन यांच्या प्रतिमानात त्याला बेट न करता तसेच पुढे जाण्याचीही मुभा आहे. फरक एका पर्यायाचा, परिणाम मोठा. फॉन नॉयमन यांच्या उत्तरात बलाढ्य पानांवर बेट करायची आणि अगदी टाकाऊ पानांवरही करायची. मधल्या पानांवर गप्प बसायचे. थाप (ब्लफ) मारायची ती सर्वांत हलक्या पानांवर, कारण मधल्या पानांना थापेशिवायही जिंकण्याची थोडीफार आशा असते. आज कोणताही सॉल्व्हर (समतोल डावपेच काढून देणारी संगणकप्रणाली) उघडला तर शेवटचे, पाचवे पान आल्यानंतरच्या फेरीत हाच आकार दिसतो. १९४४ मध्ये फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या संयुक्त ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभाग मिळाला. १९५० मध्ये हॅरल्ड कून यांनी केवळ तीन पानांचा पोकर सोडवून दाखवला. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आजही आपल्या प्रणालीची पहिली चाचणी त्यावर घेतात.

पुढची उडी २००७ ची. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने अशी रीत मांडली की संगणक स्वतःशीच डाव खेळतो, प्रत्येक निर्णयानंतर ‘दुसरी चाल केली असती तर किती अधिक मिळाले असते’ याची हळहळ मोजतो, आणि जिथे हळहळ जास्त ती चाल पुढच्या फेरीत अधिक वेळा खेळतो. असे पुरेशा वेळा केले की सरासरी डावपेच समतोलाकडे सरकतो. याच रीतीच्या सुधारित रूपाने २०१५ मध्ये त्या गटाच्या ‘सेफियस’ने दोन खेळाडूंचा मर्यादित बेटिंगचा होल्डम जवळजवळ पूर्ण सोडवला. त्यासाठी ४,८०० संगणक-प्रक्रियक सुमारे ६८ दिवस चालले. ‘जवळजवळ’ची व्याख्याही शोधनिबंधात आहे: एखाद्याने तासाला २०० डाव, दिवसाला १२ तास, ७० वर्षे खेळूनही ज्याच्यातली चूक खात्रीने पकडता येणार नाही, तो डावपेच. अमर्यादित बेटिंगच्या दोघांच्या खेळात जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने चार व्यावसायिकांविरुद्ध १,२०,००० डाव खेळून बाजी मारली, २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावरही व्यावसायिकांना मागे टाकले. या प्रणाली बाजारात विकत मिळत नाहीत. बाजारातील सॉल्व्हर याच घराण्यातले असले तरी ते संपूर्ण खेळ सोडवत नाहीत. वापरणाऱ्याने दिलेल्या चौकटीपुरते उत्तर देतात, आणि हा भेद अनेकदा विसरला जातो.

कायद्याची बाजू या प्रदेशापुरती वेगळ्या वाटेने येते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्यावर निजामाच्या कायद्यांची छाया होती. त्यांपैकी हैदराबाद जुगार कायदा १३०५ फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने साधारण १८९५-९६ चा. रमीला कौशल्याचा खेळ ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर १९६७ चा निकाल याच कायद्याखालील सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात लागला. रमी ही तीन पत्तीसारखी निव्वळ दैवावरची नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मराठवाड्याच्या दोन आवडत्या खेळांची फारकत एका निकालात झाली, तीही एकेकाळी येथे लागू असलेल्या कायद्याच्या आधारे. आज लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. पोकर त्यात बसतो का यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही: २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तो कौशल्याचा मानला नाही, तर २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने मानला. ऑनलाइन खेळापुरता हा भेद २०२५ मध्ये गौण ठरला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, पुरवण्यास मनाई आहे. त्यासुमारास भारतीय संकेतस्थळांनी पैशांचे टेबल बंद केले. अभ्यासप्रणालीत काही लावले जात नाही, त्यामुळे ती या व्याख्येत येत नाही असे दिसते.

या बदलाचा निवडीवर थेट परिणाम होतो. साधनांचे ढोबळ प्रकार असे: शक्यता-गणक, डावनोंद-प्रणाली (ट्रॅकर), सॉल्व्हर, सराव-संच आणि स्पर्धांसाठीचे चिप-मूल्य गणक. ‘पोकरट्रॅकर’ किंवा ‘होल्डम मॅनेजर’सारखे ट्रॅकर संकेतस्थळाने जतन केलेल्या डावांच्या फायली वाचतात. ज्याचा खेळ मित्रांच्या बैठकीत, नुसत्या चिपांवर होतो, त्याच्याकडे अशा फायली नसतातच, मग ट्रॅकरवर पैसे घालण्यात अर्थ उरत नाही. शक्यता-गणकाचे तसे नाही. ‘इक्विलॅब’ मोफत आहे, आणि हाती येणाऱ्या दोन पानांचे १,३२६ प्रकार, रंगभेद वगळता १६९, यांची एकमेकांविरुद्धची ताकद त्यावर तपासता येते. नवशिक्याने पहिले तीन-चार महिने एवढ्यावर काढावेत.

या टप्प्यावर काय शिकायचे ते एका डावावरून कळते. टर्नला (चौथे पान उघडल्यावर) तुमच्याकडे बदामची चार पाने आहेत. पॉटमध्ये (मधोमध जमलेल्या रकमेत) १,००० चिप आहेत आणि समोरच्याने ५०० ची बेट केली. कॉल केल्यास (तेवढेच लावल्यास) पॉट २,००० होईल, त्यातले ५०० तुमचे. म्हणजे चारात एकदा, २५ टक्के वेळा, जिंकायला हवे. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९, म्हणजे शक्यता १९.६ टक्के. सरळ हिशेबात कॉल तोट्याचा. बदाम आल्यावर शेवटच्या फेरीत समोरच्याकडून सरासरी आणखी ५५६ चिप निघणार असतील तरच तो बरोबरीला येतो. येथे हमखास होणारी चूक म्हणजे ३५ टक्के हा आकडा वापरणे. तो फ्लॉपनंतर (पहिली तीन पाने उघडल्यावर) पुढची दोन्ही पाने पाहायला मिळणार असतील तेव्हाचा आहे. एकाच पानाचे पैसे मोजताना तो लावला की चुकीचे कॉल वर्षानुवर्षे बरोबर वाटत राहतात. ही आकडेमोड कागदावर जमत नसेल तर सॉल्व्हर विकत घेऊ नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

सॉल्व्हरमध्ये २०१५ चा ‘पायोसॉल्व्हर’ हा मैलाचा दगड मानला जातो. तो विंडोजवर चालतो. ‘जीटीओ प्लस’ एकदाच पैसे भरून मिळतो. ‘डेस्कटॉप पोस्टफ्लॉप’ हा मोफत व खुल्या स्रोताचा असून त्यावरील नवे काम २०२३ मध्ये थांबले, तरी शिकण्यासाठी तो पुरतो. सॉल्व्हरला दोघांच्या पानांचे संच, पॉट, उरलेल्या चिपा आणि परवानगी असलेल्या बेटचे आकार भरून द्यावे लागतात. बेटचे आकार वाढवत नेले की निर्णयांचे झाड फांद्या फोडते आणि संगणकाची स्मृती संपते. साध्या लॅपटॉपवर प्रत्येक फेरीला एक-दोन आकार ठेवणे शहाणपणाचे. पानांचे संच चुकीचे भरले तर उत्तरही चुकीचेच, फक्त दशांशचिन्हासह. चार जण कॉल करणाऱ्या घरगुती बैठकीत दोन खेळाडूंचे उत्तर जसेच्या तसे लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘जीटीओ विझार्ड’सारख्या वर्गणीच्या सेवा आधीच सोडवलेली उत्तरे दाखवतात व ब्राउझरवर चालतात, म्हणून भारनियमनाच्या गावातही मोबाइलवर वापरता येतात.

या तयार तक्त्यांचा ‘लातूर पॅटर्न’ होण्याचा धोका आहे. प्रश्नसंच घोटून परीक्षेत गुण मिळतात, कारण परीक्षा त्याच साच्यातली असते. पोकरचे तसे नाही: फ्लॉपचे रंग-सारखेपणा वगळूनही १,७५५ वेगळे प्रकार होतात. तक्ता पाठ करण्यापेक्षा ‘येथे मधली पाने बेट का करत नाहीत’ हे एकदा समजले तर ते पुढच्या शंभर फ्लॉपांना उपयोगी पडते. विशेष म्हणजे समतोल डावपेच आणि समोरच्याच्या चुकांचा फायदा घेणारा डावपेच यांत आधी कोणता शिकावा यावर जाणकारांत मतभेद आहेत. येथील बैठकीत थाप क्वचित पडते आणि कॉल भरमसाट होतात. अशा ठिकाणी दुसरा पक्ष वजनदार वाटतो.

स्पर्धांत चिप आणि बक्षीस यांचे मूल्य सारखे नसते. त्यासाठीचा चिप-मूल्य नमुना डेव्हिड हारव्हिल यांच्या घोड्यांच्या शर्यतीवरील १९७३ च्या सूत्रातून आला, तो पोकरला मेसन मालमुथ यांनी १९८० च्या दशकात लावला. ‘आयसीएमायझर’ हे त्यावरील परिचित साधन. ज्याला गोव्यातील स्पर्धांना जायचे आहे त्यालाच त्याची गरज.

मोफत व्याख्यानांत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या खुल्या अभ्यासक्रमातील २०१५ ची पोकर-सिद्धांतावरील मालिका उत्तम. इंग्रजी जड जाणाऱ्याला पॉट, रेंज, इक्विटी, कॉल असे वीसेक शब्द आले की ती पुढे सरकते. संभाव्यतेचा भाग अकरावी-बारावीच्या गणितापलीकडे फारसा जात नाही.

प्रगती मोजण्याचे साधन मात्र स्वतः करावे लागते. शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड (पाने पाहण्याआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम) नफ्याचा चांगला खेळाडू आणि तेवढ्याच डावांमागे ९० चे प्रमाण विचलन धरले, तर १०,००० डावांनंतर अपेक्षित नफा ५०० आणि चढउताराचे माप ९००. म्हणजे चांगला खेळूनही दहात जवळजवळ तीन वेळा तो तोट्यात असेल. समोरासमोरच्या टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात. आठवड्याला पाच तासांची एक बैठक धरली तर १०,००० डावांना सव्वा वर्षाहून अधिक लागते. म्हणून वहीत हारजीत लिहून भागत नाही. प्रत्येक बैठकीतले दोन अडलेले डाव लिहावेत: स्वतःची पाने, उघडलेली पाने, पॉट, बेट, आणि त्या क्षणी समोरच्याकडे काय वाटले. निकाल शेवटच्या रकान्यात, आणि डाव तपासून होईपर्यंत तो रकाना हाताने झाकलेला.