पार्श्वभूमी: मराठीतला 'च' आणि इंग्रजीतलं चिरलेलं वाक्य

'मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी.' या वाक्यातला 'तो' काढून पाहा. माहिती तीच राहते, पण तारखेवरचा जोर जातो. इंग्रजीत तो जोर 'इट वॉज ऑन १७ सप्टेंबर १९४८ दॅट मराठवाडा वॉज लिबरेटेड' असा येतो. एका वाक्याची चिरून दोन उपवाक्यं केली, म्हणून हे 'क्लेफ्ट सेंटेन्स'. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९३७ साली या नावाखाली त्याची मांडणी केली.

रचना मात्र नावापेक्षा कितीतरी जुनी आहे. जुन्या इंग्रजीला विभक्ती होती: राजा कर्ता असेल तर 'से क्युनिंग', कर्म असेल तर 'थोने क्युनिंग'. त्यामुळे शब्द बरेचसे पुढेमागे करता येत, आपल्यासारखेच. 'इट'ची रचना तेव्हाही तुरळक दिसते, पण तिची निकड नव्हती. पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दाच्या जागेवरून ठरू लागलं. आता शब्द हलवला की अर्थच फिरतो. बोलताना आवाज चढवून जोर देता येतो, कागदावर आवाज नसतो. तिथे 'इट वॉज... दॅट' कामी आलं आणि रुळलं. 'व्हॉट'ने सुरू होणारी रचना त्याच्याही नंतर रुळली.

मराठीची विभक्ती शाबूत आहे, शिवाय हाताशी 'च' आहे. नांदेड-लातूरकडे मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी वाक्य आधी मराठीत जुळवतात आणि 'च'च्या जागी 'ओन्ली' ठेवतात. 'मी आजच परभणीला जाणार'चं 'आय विल गो टु परभणी टुडे ओन्ली' होतं. बाहेरचा वाचक त्याचा अर्थ 'फक्त आज, पुन्हा नाही' असा घेऊ शकतो. 'इट इज टुडे दॅट आय अ‍ॅम गोइंग टु परभणी' म्हटलं की घोळ उरत नाही.

तारखेआधीचा 'ऑन' गाळणं ही नेहमीची चूक. दुसरी क्रियापदाची: 'इट इज फार्मर्स हू सफर' बरोबर, 'सफर्स' चूक. सुरुवातीला 'इज' आलं तरी 'हू'नंतरचं क्रियापद 'फार्मर्स'प्रमाणे चालतं. आणि 'तो येतोच' इथे जोर क्रियापदावर आहे. तिथे 'इट' चालत नाही, 'ही डझ कम' म्हणावं लागतं.

सगळ्यात अवघड जातो तो क्रम. 'मराठवाड्याला हवं आहे ते पाणी' हे 'व्हॉट मराठवाडा नीड्स इज वॉटर' असं सरळ उतरतं, कारण दोन्हीकडे जोराचा शब्द शेवटी आहे. 'लढ्याचं नेतृत्व केलं ते स्वामी रामानंद तीर्थांनी' याला 'इट' लावायचं तर वाक्य उलटावं लागतं. 'ते'नंतरचा शब्द अधोरेखित करा, तो 'इट वॉज'ला जोडा, मग 'हू', आणि उरलेलं त्यामागे: 'इट वॉज स्वामी रामानंद तीर्थ हू लेड द स्ट्रगल.'