प्रिंट स्क्रीन

संगणकाच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसते त्याची प्रत, म्हणजे स्क्रीनशॉट, घेण्याची कळ. सर्वसाधारण कळफलकावर ती एफ-१२ च्या शेजारी असते. जागेअभावी तिच्यावर नावाचे आखूड रूपच छापलेले आढळते.

नाव छपाईचे, पण आज ती दाबल्यावर कागद हलत नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवर मात्र ती नावाला जागत असे. तिथे तिला स्वतंत्र जागाही नव्हती. फुलीच्या (*) कळेवरच तिचे नाव होते. शिफ्टसह दाबली की पडद्यावरचा मजकूर सरळ प्रिंटरकडे जाई. आकृती छापायची तर डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीतला ‘ग्राफिक्स’ हा प्रोग्रॅम आधी चालवून ठेवावा लागे.

विंडोजमध्ये प्रिंटर बाजूला पडला आणि चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेले तात्पुरते ठेवण्याच्या जागेत, जाऊ लागले. पडद्यावर काहीच घडत नसल्याने कळ बिघडली असावी, असे नवशिक्यांना हमखास वाटे. चित्र हाती यायचे ते पेंट किंवा वर्ड उघडून पेस्ट केल्यावर. ऑल्ट धरून दाबल्यास फक्त चालू विंडोचे चित्र मिळते. विंडोज ८ पासून (२०१२) विंडोज-कळेसह दाबल्यास फाइल आपोआप साठते. पडद्याचा हवा तेवढाच तुकडा घेण्यासाठी विंडोज-शिफ्ट-एस सोयीचे. मॅकच्या कळफलकावर ही कळच नाही. तिथे कमांड-शिफ्ट-३ ने पूर्ण पडदा आणि ४ ने निवडलेला भाग घेतात.

स्क्रीनशॉट ‘काढला’ म्हणतात खरे, पण यात छायाचित्रणाचा भाग नाही. पडद्यासाठी तयार असलेल्या ठिपक्यांची ती नक्कल असते. १९२० × १०८० च्या पडद्यावर असे २०,७३,६०० ठिपके, म्हणजे प्रत्येकी तीन बाइट धरून सुमारे ६२ लाख बाइट. चित्र साठवण्याच्या पीएनजी पद्धतीत ते काहीही न गमावता दाबून बसवले जातात. जेपीईजी या दुसऱ्या पद्धतीत अक्षरांच्या कडांना मळ चढतो, म्हणून मजकुरासाठी पीएनजीच बरे. नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेल्या चित्रपटाच्या जागी पुष्कळदा नुसता काळा चौकोन येतो, तो कळेचा दोष नव्हे.

मराठीत या कळेला एक जादा काम पडले. युनिकोड (अक्षरांना सर्व संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन उघडे. मग मजकुराचे चित्रच पाठवायचे. वाचता येई, पण त्यातला शब्द शोधता वा दुरुस्त करता येत नसे.

चित्र कापले म्हणजे उरलेला भाग नाहीसा झाला, असेही धरून चालत नाही. २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमधला एक दोष उघड झाला: कापलेले चित्र जुन्याच फाइलवर साठवले, की मूळ चित्राचा काही भाग फाइलच्या शेपटीला तसाच राही आणि जाणकाराला तो परत मिळवता येई. त्याच वर्षी दुरुस्ती आली. आधी पाठवून झालेल्या फाइलींना तिचा उपयोग नव्हता.